कुंडलिकचा आकडा

घाटकोपरच्या पंतनगरात कुंडलिक खिल्लारेला सगळे आकडेवाला म्हणत. नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, हा मटका घेतो. एकदा तर एक रिक्षावाला खरोखरच दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, आज क्या आएगा?" कुंडलिकने त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि पाऊण तास ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो रिक्षावाला परत कधी त्या बिल्डिंगकडे फिरकला नाही.

तुम्हाला पाऊण तास लागणार नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे चित्र हलतं, ते काढायचं काम एका वेगळ्या पाटीचं असतं. ती पाटी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते सेकंदाला किती चित्रं काढतं, तो त्याचा आकडा. आकडा मोठा तर खेळातली गाडी पाण्यासारखी पळते, लहान तर गचके खाते. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर कुंडलिकने आयुष्य काढलं. स्टेशनजवळच्या एका दुकानात तो सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. मालक वारला, पोरांनी तिथे मोबाइलची कव्हरं विकायला काढली आणि कुंडलिक आपला पेचकसांचा डबा घेऊन घरी आला.

घरी आला तरी लोक सोडतात थोडेच. कोणी जुनं कार्ड विकत घेणार असेल, तर आधी कुंडलिककडे आणायचं. नव्याने काय मोठा फरक पडणार आहे हे विचारायचं असेल, तरी कुंडलिककडेच. त्याची पद्धत ठरलेली होती. एकच शर्यतीचा खेळ, एकच डोंगरातला रस्ता, एकच लाल गाडी. गाडी बोगद्यात शिरते आणि पलीकडे एकदम उजेड, झाडं, दरी, समुद्र. त्या बोगद्याच्या तोंडाशी भल्याभल्या कार्डांना धाप लागते. कुंडलिक तिथला आकडा बघायचा. कंपनीवाले सरासरी सांगतात, आणि सरासरी ही एक नंबरची खोटारडी बाई आहे, असं त्याचं मत होतं. दिवसभर पोट भरलेलं आणि एकदाच उपाशी, तर सरासरीला तो उपास दिसत नाही. म्हणून तो प्रत्येक कार्ड तीनदा पळवायचा आणि काळ्या मार्करने त्याच्याच खोक्यावर दोन आकडे लिहायचा, एक नेहमीचा आणि एक बोगद्यापाशीचा. खोक्यावर लिहिलं की मग ते बदलायचं नाही. अशी खोकी माळ्यावर ओळीने लावलेली होती, पार पंधरा-सोळा वर्षांमागची.

आता गाडी चालवायला दोन्ही हात लागतात आणि डोळे रस्त्यावर लागतात. मग कोपऱ्यातला आकडा वाचणार कोण? तर कमल, त्याची बायको. कमल सातवीपर्यंत शिकलेली, जालन्याकडची. ती मेथी निवडत बाजूला बसायची आणि बसच्या कंडक्टरसारखी ओरडायची, "चाळीस, चाळीस, एक्केचाळीस, अहो बोगदा आला, एकतीस, तीस, छत्तीस." तिला त्यातलं काही कळत नव्हतं असं समजू नका. एकदा एका गिऱ्हाइकाने नवंकोरं कार्ड आणलं, तेव्हा ती त्याच्या तोंडावर म्हणाली, "भाऊ, दिसायला छान आहे, पण बोगद्यात रडतंय." गिऱ्हाईक कार्ड घेऊन परत गेलं.

कमलला जाऊन चार वर्षं झाली. आता आकडा नोंदवायला सॉफ्टवेअर आहे. ते चुकत नाही, ओरडतही नाही. पहिल्यांदा ते लावून कुंडलिक खेळायला बसला तेव्हा गाडी बोगद्यातून बाहेर आली, घरात कोणी काही बोललं नाही, आणि त्याने पुढच्याच वळणावर गाडी दरीत घातली. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला ते पटत नाही, पण कुंडलिक तसं म्हणायचा.

मुलगा सम्यक बंगळुरात. एका बँकेचं सॉफ्टवेअर बघतो. पोरगा वाईट नाही हो, अजिबात नाही. दर रविवारी फोन करायचा. पण तो फोन कसा, तर, "पप्पा, जेवलात? गोळी घेतली? बरं. ठेवू?" दोन मिनिटं. कुंडलिकही काही कमी नव्हता. त्याला फोनवर बोलताच यायचं नाही. मशीन बिघडलं असेल तर तो तासभर बोलेल, माणूस धडधाकट असला की याच्याकडे विषयच नसायचा.

एकसष्टावं लागलं तेव्हा सम्यकने ऑनलाइन मागवून एक कार्ड पाठवलं. खोकंच केवढं, आत दोन पंख्यांची जाडजूड पाटी, बारा जीबीची. कुंडलिकच्या मशीनमध्ये दहा वर्षांचं जुनं दोन जीबीचं कार्ड होतं, एका पंख्याचं. त्याचा आकडा एक्केचाळीस, बोगद्यापाशी तीस. कमलने वाचलेला. रविवारी सकाळी कुंडलिकने जुनं कार्ड काढून गंजीफ्रॉकच्या तुकड्यात गुंडाळलं, नवीन बसवलं, टेबल भिंतीला लावलेलं असल्यामुळे मागे हात घालून चाचपत केबल जोडली, पडदा लागला, आणि गाडी पळवली.

आकडा आला एकोणीस. बोगद्यापाशी अकरा.

त्याने तीनदा पळवली. एकोणीस, एकोणीस, अठरा. आता खरं सांगायचं तर याला वाईट वाटायला हवं होतं. पोराने हौसेने पाठवलेली वस्तू. पण कुंडलिकच्या पोटात गुदगुल्या झाल्या. जुन्या कार्डाने नव्याला लोळवलं होतं, तेही निम्म्याने. त्याने स्वतःहून सम्यकला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"सम्या, तुझं बारा जीबी माझ्या दोन जीबीपुढे पाणी भरतंय."

"काय? शक्य नाही पप्पा. किती आला?"

"एकोणीस."

"कसं शक्य आहे? केबल कार्डालाच लावलीये ना? मदरबोर्डला नाही ना लागली?"

कुंडलिकचं डोकंच फिरलं. कॉम्प्युटरच्या पाठीवर तशीच दिसणारी दोन भोकं असतात, एक मदरबोर्डचं, म्हणजे मशीनच्या मुख्य पाटीचं, आणि एक कार्डाचं. नवशिके मदरबोर्डाच्या भोकात केबल घालतात, मग हजारोंचं कार्ड आत नुसतं झोपा काढतं आणि चित्र काढायचं काम मदरबोर्ड रडतखडत करतो. दुकानात असं गिऱ्हाईक आलं की कुंडलिक सगळ्यांना बोलावून दाखवायचा.

"तू मला शिकवतोस?" तो म्हणाला. "सव्वीस वर्षं घासली मी या धंद्यात. केबल कुठे लावायची ते मला विचारतोस?"

"सॉरी पप्पा. मग पीसच खराब असेल. उद्या ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर बदलून बघा, तोवर खोक्यावर काही लिहू नका. मी फोन करतो."

आणि सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खरोखरच फोन आला. सम्यक ऑफिसच्या कॅबमध्ये होता, बंगळुराच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "आज किती?" "एकोणीस." मंगळवारी परत. "पंखे फिरतात का?" "कसले फिरतात. कुंभकर्ण आहे तुझं कार्ड." बुधवारी सम्यक हसला. गुरुवारी कार्डाचं बोलणं पाच मिनिटांत आटपलं आणि तो म्हणाला, "पप्पा, आई वांग्यात काय टाकायची हो? माझं तसं होतच नाही."

"कारळाची चटणी," कुंडलिक म्हणाला. "आणि दाणे जाडे कुटायची. मिक्सरमध्ये नाही."

"तू स्वयंपाक करतोस?" असं पुढे विचारायचं त्याच्या मनात होतं, तेवढ्यात सम्यकच सांगू लागला. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं, खोलीतला जोडीदार लग्न करून गेला, फ्लॅटमध्ये आता तो एकटाच असतो, शनिवारी कधीकधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. कुंडलिक ऐकत राहिला. त्याला वाटत होतं, एकटा माणूस एकच आहे, घाटकोपरात. दुसरा बंगळुरात आहे हे त्याच्या गावीच नव्हतं. फोन बावीस मिनिटं चालला. शेजारच्या वनमालाबाई वाटीभर आमटी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. कुंडलिकला फोनवर एवढा बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी घोळ झाला. पंखे का फिरत नाहीत ते बघायला म्हणून कुंडलिकने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडलं आणि एक स्क्रू टेबलामागे पडला. टेबल ओढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. टेबल ओढलं, टॉर्च लावला, वाकला, स्क्रू सापडला. उठता उठता सहज नजर कॅबिनेटच्या पाठीकडे गेली.

केबल मदरबोर्डाच्या भोकात होती.

तो तसाच वाकलेला राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. ज्या चुकीवर सव्वीस वर्षं लोकांना हसला, ती त्याने स्वतः केली होती, आणि पोराने पहिल्याच मिनिटाला विचारलं तर त्याच्याच अंगावर ओरडला होता. नवं कार्ड जाड, त्याची भोकं वीतभर खाली, आणि याचा हात दहा वर्षांच्या सवयीने वरच्या भोकाशी गेला. पडदा लागला, म्हणून याने बघितलंच नाही. कमल असती तर आकडा वाचताच म्हणाली असती, "अहो, कायतरी चुकतंय, मागे बघा." तिला कारण सांगता आलं नसतं, पण तिने बघायला लावलंच असतं.

त्याने केबल काढली आणि कार्डात घातली. गाडी पळवली. पंखे फिरू लागले. लाल गाडी इतकी सुळकन बोगद्यातून बाहेर आली की समुद्रावरचं ऊन त्याला पहिल्यांदा नीट दिसलं. एकशे बारा. बोगद्यापाशी अठ्ठ्याऐंशी. त्याने मार्कर घेतला, टोपण काढलं, खोकं मांडीवर घेतलं.

नऊ वाजून दहा मिनिटं. फोन वाजला.

"बोला पप्पा, आज किती?"

कुंडलिकने खोक्याकडे पाहिलं. एकशे बारा म्हटलं की काय होईल ते त्याला लख्ख दिसत होतं. सम्यक हसेल, बरं झालं म्हणेल, आणि मग उद्या नऊ दहाला फोन कशाला करेल? रविवार येईल. जेवलात, गोळी घेतली, ठेवू.

"वीस," कुंडलिक म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याने आकडा खोटा सांगितला.

एकदा तोंड उघडलं की खोटं बोलणं सोपं जातं, हेही त्याला कळलं. पुढे नऊ दिवस तो रोज एक आकडा बनवायचा. अठरा, एकवीस, परत वीस. एकदा पोराला जरा आशा वाटावी म्हणून बावीस सांगितला, आणि सम्यक इतका खूश झाला की कुंडलिकला रात्रीचं जेवण गेलं नाही. सम्यक रोज काहीतरी नवीन सुचवायचा, हा "करून बघतो" म्हणायचा, आणि मग गप्पा निघायच्या. सम्यकने दाणे कुटायला खलबत्ता आणला. ऑफिसातल्या दीप्ती नावाच्या मुलीबद्दल दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला तेव्हा कुंडलिकने विचारलं, "कुठली आहे?" आणि सम्यक लाजून "पप्पा, तसं काही नाही" म्हणाला. असं बोलणं या बापलेकांत कधी झालं नव्हतं.

सकाळी सहालाच कुंडलिकला जाग यायची. नऊ दहापर्यंत तो तीनदा चहा करायचा. फोन ठेवला की घर पुन्हा जसंच्या तसं. पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, उद्याचे नऊ दहा होते ना. फक्त एक गोष्ट त्याला जमली नाही. तोंडाने खोटं बोलला, पण मार्करने खोटं लिहायला हात उचलला नाही, आणि खरं लिहायचं तर धीर नव्हता. नव्या कार्डाचं खोकं कोरंच राहिलं.

दहाव्या दिवशी, रविवारी, सम्यकचा आवाज वेगळा होता. तापलेला.

"पप्पा, उद्या माणूस येईल कार्ड न्यायला. परत करतोय. ऐकतच नव्हते ते लोक. म्हणे युजरची चूक असेल. मी त्या कस्टमर केअरच्या बाईला असं झाडलं ना. रडकुंडीला आली होती."

"कशाला रे?" कुंडलिकने विचारलं.

"कशाला म्हणजे? ती म्हणाली, केबल तपासलीत का. मी म्हटलं, मॅडम, माझे वडील सव्वीस वर्षं या धंद्यात आहेत. माझ्या वडिलांचा आकडा कधी चुकत नाही."

कुंडलिक खुर्चीवर बसला. कोणा परक्या पोरीने बरोबर तेच विचारलं होतं, आणि त्याच्यामुळे ती बोलणी खाऊन बसली होती. आणि पोरगा. अख्ख्या जगात एक माणूस असा उरला होता की जो कुंडलिक खिल्लारेच्या आकड्याची शपथ घेत होता, आणि त्यालाच हा नऊ दिवस बनवत होता.

"सम्या, कार्ड चांगलं आहे."

"काय?"

"केबल मदरबोर्डाला होती. माझी चूक. तू विचारलंस तेव्हा मी मागे वाकून बघायला हवं होतं. एकशे बारा आकडा आहे. बोगद्यापाशी अठ्ठ्याऐंशी."

"अच्छा." सम्यक हसणारच होता. "म्हणजे आज कळलं?"

इथे "हो" म्हटलं असतं तर सगळं सुखाने मिटलं असतं. तुम्ही-आम्ही तेच म्हटलं असतं.

"नाही," कुंडलिक म्हणाला. "नऊ दिवसांपूर्वी, त्या शुक्रवारीच कळलं. त्यानंतरचे सगळे आकडे खोटे सांगितले."

"का पण?"

"तू रोज फोन करत होतास म्हणून."

मग सम्यक म्हणाला, "मी त्या बाईला काय काय बोललो, पप्पा." "ठेवतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी नऊ दहाला फोन आला नाही. कार्ड न्यायला माणूस आला नाही, सम्यकने ते रद्द केलं असणार. कुंडलिकने खोकं मांडीवर घेऊन एकशे बारा आणि अठ्ठ्याऐंशी लिहिलं. लिहून झाल्यावर ते कोणाला वाचून दाखवावं असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने खोकं माळ्यावर टाकलं. मंगळवारी फोन नाही. वनमालाबाई भाकरी घेऊन आल्या, "आज बोलणं नाही का?" म्हणाल्या, आणि त्याचं तोंड बघून भाकरी ठेवून गेल्या. त्या दिवशी त्याने शर्यतही लावली नाही. इतकं सुंदर चित्र, आणि बघायचं कशाला, कोणासाठी. तो कमलच्या फोटोसमोर बसून राहिला. त्याला तिचा राग आला, खराखुरा राग, मला या पोराशी बोलायला न शिकवताच गेलीस म्हणून.

बुधवारीही नऊ दहा झाले. नऊ पंधरा झाले. कुंडलिक फोन हातात धरून बसला होता. एवढ्या वर्षांत आपण पोराला स्वतःहून फोन किती वेळा केला, हे तो मोजायला गेला आणि एकदाच्या पुढे गाडी सरकेना. तोसुद्धा त्याचं कार्ड कसं भिकार आहे हे सांगायला. त्याच्याकडे सगळे काहीतरी मोडलं की यायचे, आणि तोही काही मोडलं तरच कोणाकडे जायचा. बाकीच्या वेळी माणसं एकमेकांशी काय बोलतात, हे त्याला एकसष्टाव्या वर्षी ठाऊक नव्हतं.

त्याने नंबर लावला. सहा वेळा रिंग गेली. आता उचलणार नाही, असं वाटलं तेवढ्यात उचलला.

"बोला पप्पा." आवाज कोरडा. मागे हॉर्न वाजत होते. "काय बिघडलं?"

"काही नाही रे. काही बिघडलेलं नाही."

"मग?"

सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं.

"मग काही नाही. असाच केला."

हॉर्न वाजत राहिले. एक बस गेली असावी. कुंडलिक "ठेवू?" म्हणणार होता, शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

"थांबा," सम्यक म्हणाला, "काच वर करतो. नीट ऐकू येत नाहीये."